आडनावाचा नांगर

पुण्याहून मिरजेकडे निघालेली गाडी कराड स्टेशनात थांबते, तेव्हा ती खरे तर कराड गावात नसते, ओगलेवाडीत असते. तिथून गाडी पुढे निघाली की ताकारी मागे पडते आणि फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर ‘किर्लोस्करवाडी’ ही अक्षरे दिसतात. एकाच लोहमार्गावर, हाकेच्या नाही पण फार लांबच्याही नाही अशा अंतरावर, दोन आडनावांची दोन गावे. १९०० सालच्या नकाशात यातले एकही नव्हते. दोन्ही औंध संस्थानच्या आश्रयाने उभी राहिली आणि दोघांनाही नाव मिळाले ते कुणा देवाचे, राजाचे किंवा साहेबाचे नव्हे, कारखानदाराचे.

मराठी माणसाला यातली गंमत चटकन कळावी. आपल्याकडे उलटे होते. गाव आधी, आडनाव मागून. मालवण तालुक्यात किर्लोस नावाचे लहानसे गाव आहे. तिथले ते किर्लोस्कर. पोटापाण्यासाठी हे घराणे घाट चढून बेळगावच्या बाजूला गेले, पण शेपटाला लागलेला ‘कर’ सुटला नाही. पुढे त्याच आडनावाला ‘वाडी’ चिकटली आणि कोकणातल्या गावाचे नाव देशावरच्या माळरानावर दुसऱ्यांदा रुजले.

आज धंद्यात पडणाऱ्या मुलामुलींना पहिला सल्ला मिळतो तो स्वतःचा ‘ब्रँड’ उभा करण्याचा. माल तयार व्हायच्या आधी बोधचिन्ह तयार असते. किर्लोस्करांच्या बाबतीत हा क्रम कसा होता, ते पाहण्यासारखे आहे. किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणरावांनी धंदा सुरू केला तेव्हा त्यांचे आडनाव महाराष्ट्रात आधीच गाजत होते. फक्त ते भलत्याच मालासाठी गाजत होते.

बलवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर आणि लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर, दोघांचाही जन्म मलप्रभेकाठच्या गुर्लहोसूरचा. अण्णासाहेब १८४३चे, लक्ष्मणराव २० जून १८६९चे. अण्णासाहेबांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर आले, तेव्हा लक्ष्मणराव अकरा वर्षांचे होते. पुढची कितीतरी वर्षे किर्लोस्कर म्हटले की लोकांना आठवे ती नाटक मंडळी, तिची पदे आणि तिचे नट. या आडनावाचा माणूस लोखंड ओततो, हे कुणाला सांगूनही खरे वाटले नसते.

लक्ष्मणरावांना स्वतःलाही आधी कलावंतच व्हायचे होते. अभ्यासात मन रमेना, चित्रे मात्र बरी जमत, म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे ध्यानात आले की त्यांच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने हा निकालच होता. पण यंत्राच्या आराखड्याला रंग लागत नाहीत, रेघ सरळ आणि माप बिनचूक लागते. लक्ष्मणराव यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवू लागले. वर्ग सुटल्यावर ते यंत्रशाळेत हात काळे करीत.

नोकरी करता करताच त्यांनी थोरले बंधू रामुअण्णांना हाताशी धरून बेळगावात सायकलींचा व्यवसाय काढला. किर्लोस्कर ब्रदर्सच्या इतिहासात या दुकानाचे साल १८८८ दिले जाते. मुंबईत सायकल खरेदी करायची, बेळगावला पाठवायची आणि तिथे रामुअण्णांनी ती विकायची, अशी वाटणी. सायकल ही तेव्हा नवलाची आणि महागाची चीज. ती विकत घेणाऱ्याला ती चालवता येत असेलच असे नाही. म्हणून रामुअण्णा गिऱ्हाइकाला सायकल शिकवीत आणि शिकवण्याची फी वेगळी घेत. वस्तू विकायची तर ती वापरायची विद्याही विकावी लागते, हा धडा दोघा भावांनी तिथे गिरवला. पुढे नांगराच्या वेळी तो उपयोगी पडला.

१८९७ साली संस्थेत बढतीची जागा निघाली. ती लक्ष्मणरावांना मिळायला हवी होती. मिळाली एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. वय अठ्ठावीस.

बेळगावात सायकलींच्या जोडीला दुरुस्तीची कामे आली, आणि त्यातून आले पहिले स्वतःचे उत्पादन: कडबा कापण्याचे यंत्र. ज्वारीचा कडबा अख्खाच्या अख्खा गुरांपुढे टाकला तर जनावर पाला ओरबाडते, जाड धाटे पायदळी तुडवते. तोच बारीक कापून दिला की धाटांसकट पोटात जातो आणि दुष्काळी मुलखात गंजी जास्त दिवस पुरते. हिशेब साधा होता, पण तो गळी उतरवावा लागत होता. यंत्राच्या किमतीत किती कडबा येईल, हे शेतकरी बोटांवर मोजूनच खिशाला हात घाली.

मग नांगर.

लाकडी नांगराचे वर्णन जुन्या शेतकऱ्याला करून सांगायला नको. बाभळीच्या खोडाला लोखंडी फाळ, वर धरायला रुमणे, पुढे बैलांच्या जुवापर्यंत गेलेले लांब हाळीस. तो जमीन फाडतो. फाळाच्या दोन्ही अंगांना माती सरकते, मध्ये तास पडते. पण खालची माती वर आणि वरची खाली, अशी उलथापालथ होत नाही. हराळी आणि कुंद्याची मुळे खाली तशीच राहतात आणि पहिल्या पावसात पुन्हा डोके काढतात. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वाकवलेला पंखा असतो. फाळाने कापलेली मातीची वडी या पंख्यावर चढते, वळते आणि पालथी पडते. तणाची मुळे उन्हात येतात आणि उन्हाळाभर तापून मरतात. सगळी करामत त्या वाकात आहे. वाक कमी पडला तर माती उलटत नाही, जास्त झाला तर बैलांना ओढ लागते.

असे नांगर विलायतेहून येत होते, काही शेतकऱ्यांनी ते पाहिलेही होते. अडचण झिजण्याची होती. फाळाचे टोक काळ्या जमिनीत झिजते, मुरमात तर फारच लवकर. साहेबाच्या नांगराचे टोक झिजले तर नवे आणायचे कुठून? गावचा लोहार लाकडी नांगराचा फाळ शेवटून देई. ओतीव लोखंडापुढे त्याचा घण चालत नसे. इथे लक्ष्मणरावांना आपली जागा दिसली. इथल्या मातीत टिकेल असा नांगर करायचा आणि त्याचे सुटे भाग बेळगावात मिळतील अशी व्यवस्था ठेवायची.

नांगर तयार झाले आणि पडून राहिले. लोखंडाने जमिनीत विष भिनते, असा समज शेतकऱ्यांत होता. तो अगदीच खुळचट नव्हता. ज्याच्या पोटाची सोय एका हंगामावर अवलंबून आहे, त्याने नव्या अवजाराला भ्यावे यात नवल नाही. प्रयोग फसला तर वर्षभर उपास शेतकऱ्याच्याच घरी घडणार. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत आडनावाचा काडीचाही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो ज्यांनी नांगर घेतला त्यांच्या शेतांचा. शेजारच्या बांधावरून दिसणारे बिनतणाचे रान ही त्या काळची सर्वांत वाचनीय जाहिरात होती.

धंद्याला कुठे वेग येतो आहे तोच बेळगाव नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितले. आज बेळगावात एका रस्त्याला किर्लोस्करांचे नाव आहे. तेव्हा मात्र यंत्रे कुठे ठेवायची हा प्रश्न होता. त्या सुमारास लक्ष्मणराव औंधला एका सभामंडपाचे बांधकाम करीत होते. १९०९ साली गादीवर आलेले बाळासाहेब, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. चित्रकार व्हायचे राहून गेलेल्या माणसाला मदतीचा हात एका चित्रकार राजानेच दिला. कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी कर्ज त्यांनी देऊ केले.

जमीन म्हणजे काय, निवडुंगाचे रान आणि सापांची वस्ती. पाणी नाही, सावली नाही. एक गोष्ट मात्र होती: दाराशी रेल्वे. १० मार्च १९१० रोजी तिथे वसाहतीची सुरुवात झाली. निवडुंग तोडायला, घरे बांधायला आणि भट्टी पेटवायला तीच माणसे. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशी ओलांडलेले. ‘तरुण उद्योजक’ म्हणून ज्याची गोष्ट आपण सांगतो आहोत, त्याला स्वतःच्या नावाचे गाव मिळायला दुकान काढल्यापासून बावीस वर्षे लागली होती.

‘एकहाती उभारलेले साम्राज्य’ हा शब्दप्रयोग उद्योगपतींच्या चरित्रांत नेहमी येतो. किर्लोस्करवाडीला तो लागू पडत नाही. वसाहतीची घडी बसवली रामुअण्णांनी. शंभूराव जांभेकर यंत्रांत मुरलेले; हिशेब आणि पत्रव्यवहार मंगेशराव रेगे पाहत; शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथे येऊन अभियंता म्हणून नावारूपाला आले. कागदी पात्रता कुणाकडेच फारशी नव्हती, खुद्द मालकाकडेही नव्हती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या राखणीवर नेमले. वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही, असा दंडक घातला. या सगळ्यांच्या कष्टांवर छाप मात्र एकाच आडनावाची पडली, हेही नोंदवायला हवे. कंपनीचे नाव ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ होते. रेगे आणि फळणीकर कुणाचे ब्रदर्स नव्हते.

पहिल्या महायुद्धाने या नावाची खरी परीक्षा घेतली. परदेशी माल थांबला, त्यामुळे देशी नांगराला मागणी आली. पण त्याच कारणाने कच्चे लोखंड आणि कोळसाही दुर्मीळ झाला. दगडी कोळशाऐवजी लोणारी कोळसा वापरून भट्ट्या चालू ठेवल्या गेल्या. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या निकामी तोफा लोखंडासाठी दिल्या. किल्ल्यावर गंज खात पडलेल्या तोफांचे नांगर झाले, ही गोष्ट त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. कुठल्याही जाहिरातदाराला सुचणार नाही अशी ती गोष्ट आहे.

जाहिरातदार मात्र घरातच होता. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर हे चित्रकार. पंडित सातवळेकरांकडे त्यांनी कलेचे शिक्षण घेतले होते. कारखान्यात येऊन त्यांनी जाहिरातीचे काम हाती घेतले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी शंकररावांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कल्पना साधी: कारखान्याची, नव्या यंत्रांची माहिती विक्रेत्यांना आणि गिऱ्हाइकांना नियमित पोचवायची. पण फक्त नांगराचे कौतुक दर महिन्याला कोण वाचणार? हळूहळू उद्योगाच्या गोष्टी आल्या, विज्ञान आले, समाजसुधारणेचे वाद आले. स्वतः शंकररावांची ‘टाकाच्या फेकी’ ही व्यंगचित्रे आली. १९२९मध्ये ‘खबर’ गळले आणि मासिकाचे नाव नुसते ‘किर्लोस्कर’ उरले. १९३०मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे जन्मली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे निबंध ‘किर्लोस्कर’मधूनच वाचकांपुढे आले आणि त्यांवर घरोघरी कडाक्याचे वाद झाले.

या मासिकांमुळे एक विलक्षण गोष्ट घडली. ज्या घरात बैल नव्हता, शेत नव्हते, नांगराशी सात पिढ्यांत संबंध नव्हता, त्या दादर-सदाशिव पेठेतल्या घरांतही ‘किर्लोस्कर’ हा शब्द दरमहा टपालाने येऊ लागला. अण्णासाहेबांच्या काळी जो शब्द नाटकाचा होता, तो शेतावर नांगराचा झाला आणि माजघरात वाचनाचा. आज कंपन्या समाजमाध्यमांवर मजकूर लिहवून घेतात, त्यामागचे गणित शंकररावांना शंभर वर्षांपूर्वी उमगले होते. फरक असा, की त्यांच्या मासिकाला वाचक पदरचे पैसे मोजून वर्गणी भरत.

घरातल्या माणसांची आद्याक्षरेही चलनी झाली. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर म्हणजे ‘लकाकि’. शंकर वासुदेव किर्लोस्कर म्हणजे ‘शंवाकि’. त्यांनी आत्मचरित्रालाही नाव दिले ‘शंवाकीय’. पुण्याच्या मॉडेल कॉलनीत लकाकि रस्ता आहे. त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हा शब्द म्हणजे एका माणसाच्या नावाची तीन अक्षरे आहेत हे ठाऊक असेल, सांगता येत नाही.

याच काळात मराठी मुलखात नावे लावण्याच्या आणखी तऱ्हा दिसतात. ओगले बंधूंनी १९१६मध्ये काचकारखाना काढला. त्यांच्या कंदिलाला त्यांनी आडनाव दिले नाही, वडिलांचे नाव दिले: प्रभाकर. प्रभाकर म्हणजे सूर्यही. वीज पोचली नव्हती त्या घरांत संध्याकाळी ‘प्रभाकर’ लागे, आणि पितृऋण व जाहिरात एकाच शब्दात फिटे. गिरगावातल्या दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईचा धंदा मांडला तो घोड्याच्या छापावर. पुढे उंट आला आणि त्या उंटाच्या इंग्रजी नावाला शाई जोडून ‘कॅम्लिन’ झाले. आडनाव बाजूला ठेवून जनावर पुढे करण्यात शहाणपण होते. शाळकरी पोराला दांडेकर आठवले नाहीत तरी उंट आठवे. वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात उभारलेली साखरनगरी मात्र थेट त्यांच्या नावाने वालचंदनगर झाली.

आडनाव लावण्याची किंमतही असते. ती किर्लोस्करांनी मोजली. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८च्या त्या दिवसांत दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जळाली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही जमावाने आग लावली. शिवाशिव न पाळणारी वसाहत, नाना जातींच्या कामगारांची भाकरी, शेतकऱ्याचा नांगर, यांपैकी काहीच त्या दिवशी आड आले नाही. मराठी आडनाव वाचणाऱ्याला गाव कळते, त्याबरोबर जातही कळते. फाळावर अभिमानाने ओतलेली अक्षरे जाळणाऱ्यांनाही वाचता येत होती. नांगर घोड्याच्या किंवा उंटाच्या नावाने विकला असता तर ठिणगी पडली नसती असे नाही, पण नाव जितके मोठे तितके ते दुरून दिसते, हे तेव्हा दिसून आले. कारखाना पुन्हा उभा राहिला, त्याच नावाने आणि त्याच जागी.

तोवर नांगराच्या पुढची मजल गाठली गेली होती. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आली होती; १९२६पासून पंप आणि तेलावर चालणारी इंजिने आली. मंदीत शेतीमालाचे भाव कोसळून नांगर खपेनात, तेव्हा लोखंडी फर्निचर केले गेले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून शिकून १९२६ साली परतले होते. त्यांच्या पिढीने १९४१मध्ये हरिहरला यंत्रांची यंत्रे बनवणारा, १९४६मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना काढला. कर्नाटकातून महाराष्ट्रात आलेले नाव पुन्हा कर्नाटकात गेले. विहिरीवर इंजिन बसवणाऱ्या शेतकऱ्याला आता कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती; त्याच्या आज्याने लोखंडी नांगराच्या वेळी जी शंका काढायची ती काढून झाली होती.

या साऱ्या खटाटोपात नावाचे काम नेमके कोणते होते? ते शोभेचे नव्हते. नांगराचे टोक झिजले तर कुठे जायचे, याचा तो पत्ता होता. विलायती नांगरावरही नाव असे, पण ते आगबोटीने तीन आठवडे लांब असलेल्या गावाचे असे. फाळावरच्या मराठी आडनावाचा मालक कुंडल रोड स्टेशनला उतरले की भेटत असे, आणि तक्रार त्याच्या तोंडावर करता येत असे. म्हणूनच ते आडनाव चालले.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. किर्लोस हे गाव मालवण तालुक्यात आहे तिथेच आणि तसेच लहान आहे. कुंडल रोड हे नाव मात्र रेल्वेच्या वेळापत्रकातून केव्हाच गेले. त्या स्टेशनाच्या पाटीवर आता किर्लोस्करवाडी लिहिलेले असते.